साखळी जोडा: ममदानी ते मकरंद अनासपुरे, मध्ये किती माणसं?

कुरमुरे_खारे (धागाकर्ता)
रविवारी आमच्याकडे पेपर दोघांत वाटला जातो. पहिलं पान बाबांचं, क्रीडा माझं. दोघांनी आपापल्या पानावरचं एकेक नाव पुकारायचं आणि चहा गार व्हायच्या आत ती दोन माणसं एकमेकांना जोडून दाखवायची. आई पंच. ती कुणालाच पास करत नाही.

नियम आईचेच. माणूस ते माणूस जायचं. दोघं भेटलेली हवीत, किंवा एकत्र कामाला होती, एका मैदानात उतरली होती, नाहीतर सख्ख्या नात्यातली हवीत. नात्यात एका वेळी एकच पिढी उतरायची. 'दोघंही पुण्याचे' ही कडी नाही, 'दोघांनाही पद्मश्री' हीसुद्धा नाही. मोजायची ती फक्त मधली माणसं.

पहिलं कोडं सोपं देतो. न्यूयॉर्कचे महापौर झालेले झोहरान ममदानी आणि आपले मकरंद अनासपुरे. गूगल न करता सांगा.

पावटा_उसळ
दोन माणसं. झोहरानची आई मीरा नायर. तिच्या 1988 च्या 'सलाम बॉम्बे'त नाना पाटेकर. नाना आणि मकरंद यांनी 2015 साली मिळून नाम फाउंडेशन काढलं. चहा अजून वाफाळतोय.

नाक्यावरचा_अण्णा
त्याच सिनेमात इरफान खान एवढासा दिसतो, रस्त्यावर बसून लोकांची पत्रं लिहून देणारा. तोच इरफान 2016 मध्ये टॉम हँक्सबरोबर 'इन्फर्नो'त. म्हणजे ममदानी ते टॉम हँक्सही दोनच. पण माझ्या मते नानावाली साखळी जास्त चांगली. हॉलिवूडपर्यंत कुणीही पोचतं, न्यूयॉर्कच्या महापौरांकडून निघून मराठवाड्यातल्या दुष्काळी शेतकऱ्याच्या अंगणात उतरायचं तर मधला माणूस नानाच लागतो.

कुरमुरे_खारे
दोघांनाही पूर्ण गुण. पुढचं: अजय-अतुल ते डोनाल्ड ट्रम्प.

पावटा_उसळ
ट्रम्प म्हटलं की सोप्पं. वरळीचा ट्रम्प टॉवर लोढांनी बांधला, मंगलप्रभात लोढा राज्यात मंत्री, आणि मंत्र्यांबरोबर व्यासपीठावर कोण बसत नाही? संपलं.

लोणच्याची_बरणी
ही काय साखळी झाली? ही तर पायपुसणी. 'व्यासपीठावर बसले' चालवलं तर महाराष्ट्रातला कुठलाही माणूस जगात कुठेही पोचेल.

माझी घ्या. 'जोगवा'च्या संगीतासाठी अजय-अतुलना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसाच त्यातल्या 'जीव रंगला'साठी श्रेया घोषाललाही. श्रेया लहानपणी अणुऊर्जा खात्याच्या वसाहतीत वाढली आणि तिथल्या शाळांत शिकली. पराग अगरवालही अणुऊर्जा खात्याच्याच शाळेतला. हा पुढे 2021 च्या नोव्हेंबरात ट्विटरचा मुख्याधिकारी झाला, तेव्हा लोकांनी श्रेयाचं कितीतरी वर्षांपूर्वीचं ट्वीट उकरून काढलं. त्यात तिने त्याला बचपन का दोस्त म्हटलं होतं. 2022 च्या ऑक्टोबरात इलॉन मस्कने ट्विटर विकत घेतलं आणि त्याच दिवशी परागला घरी बसवलं. कामावरून काढणं हेसुद्धा नातंच, मी धरते. मस्क ते ट्रम्प काही सांगायला नको.

श्रेया, पराग, मस्क. मध्ये तीन.

नाक्यावरचा_अण्णा
जबरदस्त! जोगतिणीच्या चौंडक्यापासून व्हाइट हाउसपर्यंत!

कुरमुरे_खारे
बरणीताईंना दुप्पट गुण. आणि नवा नियम, जो आमच्याकडे आधीपासूनच आहे: राजकारणी मधल्या कडीत चालणार नाहीत, टोकाला चालतील. घरी याला आम्ही 'पवारबंदी' म्हणतो. चार वेळा मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, 2005 ते 2008 बीसीसीआय, 2010 ते 2012 आयसीसी. हा एक माणूस मध्ये टाकला की कुठलंही कोडं दोन मिनिटांत चितपट.

दांडीयात्री
बंदी मान्य. पण साहेबांना टोकाला ठेवून एक साखळी टाकतो, बंदी का हवी ते कळेल. पवारांचे सासरे सदू शिंदे, कसोटी खेळलेले लेगस्पिनर. 1946 च्या इंग्लंड दौऱ्यात ते थोरल्या पतौडींच्या कप्तानीखाली खेळले. पतौडी 1932-33 च्या बॉडीलाइन मालिकेत इंग्लंडकडून खेळलेले, मेलबर्नच्या कसोटीत समोर डॉन ब्रॅडमन.

शरद पवार ते ब्रॅडमन: मध्ये दोन!

पावटा_उसळ
बंदी कायम ठेवा. आजन्म.

मुक्काम_टोरांटो
गेले काही महिने नुसता वाचत होतो, आज लिहितोच. माझं आजोळ मालवण तालुक्यात. आमच्याकडे एक साखळी आहे जिच्यात मध्ये कुणीच नाही, तरी ती मला सगळ्यांत आवडते.

लिओ वराडकर 2017 साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वडील अशोक वराडकर मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे, डॉक्टर होऊन तिकडे गेलेले. 2019 च्या डिसेंबरात लिओ पंतप्रधान असतानाच वराडला येऊन गेले. अंगणात रांगोळ्या, दारात आख्खं गाव. दुसरे अंतोनियो कोस्टा, 2015 पासून 2024 पर्यंत पोर्तुगालचे पंतप्रधान आणि आता युरोपीय परिषदेचे अध्यक्ष. वडील ओर्लांदो द कोस्टा, लेखक. घराणं मडगावचं, घर आजही आहे. नातेवाईक त्यांना 'बाबुश' म्हणतात.

म्हणजे 2017 नंतर ब्रसेल्सला युरोपच्या प्रमुखांची बैठक भरायची, तेव्हा त्या एका टेबलाभोवती एक मालवणी आणि एक गोंयकार बसलेला असायचा. वराड ते मडगाव अंतर ते किती! तेरेखोल ओलांडली की झालं. पण एकाने डब्लिनहून यायचं आणि दुसऱ्याने लिस्बनहून. दोघांनी जेवताना सोलकढीचा विषय काढला असेल का, हा प्रश्न मला अजून छळतो.

सासष्टीकार
कोस्टांचं मडगावचं घर आबाद फारिया रस्त्यावर. हा आबे फारिया मूळचा कांदोळीचा, संमोहनविद्येचा आद्य अभ्यासक. अलेक्झांडर द्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'तला तुरुंगातला म्हातारा पाद्री याच्यावरूनच बेतलेला. तर कोस्टा ते द्यूमा मध्ये एकच म्हणायचं का?

कुरमुरे_खारे
नाही. रस्त्याच्या नावाने कुणी कुणाला भेटत नाही. आई ठाम आहे.

सासष्टीकार
आईंना देव बरें करूं. आमच्या घरीही अशीच एक आहे.

लोणच्याची_बरणी
एक विचारते. तुम्ही पोरं हा खेळ नवा म्हणून खेळताय, पण आम्ही तो हयातभर लग्नांतून खेळत आलोय. पंगतीत शेजारी अनोळखी बाई बसली की पहिला प्रश्न, "तुम्ही कुठल्या?" ती म्हणते संगमेश्वर. मग आडनाव. मग माहेरचं आडनाव, खरा डाव तिथून सुरू होतो. "म्हणजे देवरुखच्या बँकेत होते ते...?" "त्यांच्या धाकट्या बहिणीची मी जाऊ!" जिलबी वाढून होईपर्यंत ती माझ्या आतेसासूच्या भाच्याची विहीण ठरलेली असते. काही घराण्यांनी तर कुलवृत्तांत छापून या खेळाची उत्तरसूचीच काढून ठेवली आहे.

माझ्या सासूबाई तर मध्ये सहा माणसं असली तरी नातं जोडायच्या आणि वर पोरीला स्थळही सुचवायच्या.

काळी_कपिला
बरणीताई, राग मानू नका. "तुम्ही कुठले, आडनाव काय" हा प्रश्न सगळ्यांना गोड लागत नाही. तुमच्याकडे त्यातून विहीण निघते. आमच्या घरी वडिलांना तो विचारला गेला की पुढे खोली भाड्याने मिळायची नाही. आडनाव सांगायच्या आधी त्यांचा क्षणभर आवंढा अडकायचा, तो मला आजही ऐकू येतो. खेळ खेळा, मीही खेळतेय, फक्त हे इथे लिहून ठेवते.

लोणच्याची_बरणी
राग कसला. खरं आहे. आमच्या पंगतीत शेजारी कोण बसणार हे आधीच ठरलेलं असायचं, म्हणून तर नातं निघायचं. हे मी आजवर असं पाहिलं नव्हतं.

पाढे_पंचावन्न
कपिलाताईंनी जे सांगितलं त्याला गणिताची बाजूही आहे. शाळेत गणित शिकवते म्हणून चार ओळी सहन करा.

ही कल्पना 1929 साली फ्रिजेश कारिंथी नावाच्या हंगेरियन लेखकाने एका गोष्टीत मांडली: जगातला कुठलाही माणूस निवडा, पाच ओळखींत मी त्याच्यापर्यंत पोचतो. 1960 च्या दशकात स्टॅन्ली मिल्ग्रम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते करून पाहिलं. नेब्रास्का आणि बॉस्टनमधल्या 296 लोकांना सांगितलं, बॉस्टनजवळच्या अमुक शेअर दलालाकडे हे पाकीट पोचवायचं, पण थेट टपालाने नाही, ओळखीच्या माणसाच्या हातून. पोचलेल्या पाकिटांत मधल्या माणसांची सरासरी भरली पाचाच्या जरा वर. जो तो एवढंच सांगतो. पोचली किती, हे कुणी सांगत नाही. 64! उरलेली वाटेत कुणाच्या तरी टेबलावर राहिली.

आपण सगळ्यांची चरित्रं वाचलेली आहेत, म्हणून वरून आख्खा नकाशा बघतो. पाकीट हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला फक्त आपली आळी दिसते. वाट असणं वेगळं, सापडणं वेगळं.

बरणीताईंच्या पंगतीसारख्या वर्तुळात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून त्यातून बाहेरचं कुणी सापडत नाही. बाहेर नेते ती सैल ओळख. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं की नोकरीची खबर जिवलगापेक्षा अशा लांबच्या ओळखीच्या माणसाकडून जास्त कळते. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी 1998 मध्ये त्याचं गणित मांडलं: घट्ट विणलेल्या वर्तुळांमध्ये अशा लांब पल्ल्याच्या मोजक्याच ओळखी टाकल्या की सगळं जग एकदम जवळ येतं. श्रेया आणि पराग कशाने जोडले गेले? वसाहतीच्या शाळेने. एका बाकावर बंगाली, राजस्थानी, मल्याळी, मराठी. बदलीची नोकरी ही आपल्या देशातली सगळ्यांत मोठी सैल ओळख.

नाक्यावरचा_अण्णा
बाई, चार ओळी म्हणाला होता.

पाढे_पंचावन्न
गणितवाल्यांच्या चार ओळी अशाच असतात.

दांडीयात्री
जड झालं, हलकं करू. लोकमान्य टिळक ते श्रेयस अय्यर.

1916 च्या खटल्यात टिळकांचे वकील बॅरिस्टर जिना, आणि उच्च न्यायालयात ते जिंकले. जिनांची मुलगी दीना मुंबईतच राहिली, वाडियांच्या घरात. तिचा मुलगा नस्ली वाडिया, त्याचा मुलगा नेस. नेस वाडिया पंजाब किंग्जचा एक मालक, आणि 2025 साठी त्यांनी श्रेयसला 26.75 कोटींना घेऊन कप्तान केलं. मध्ये चार.

पावटा_उसळ
हरकत! पवारबंदी. जिना राजकारणी.

दांडीयात्री
इथे ते वकील म्हणून आलेत. वकीलपत्र आहे, फी लागली असती.

कुरमुरे_खारे
आईने तीन मिनिटं विचार केला आणि "वकील म्हणून चालेल" असा निकाल दिला. हे पहिल्यांदाच घडलंय.

पावटा_उसळ
मग मीही आणतो. सोनाली बेंद्रे ते एल्विस प्रेस्ली.

मुक्काम_टोरांटो
मायकल जॅक्सन! 1996 ला मुंबईत उतरला तेव्हा विमानतळावर नऊवारी नेसून ओवाळायला सोनालीच होती. मायकलची बायको लिसा मरी प्रेस्ली, ती एल्विसची मुलगी. मध्ये दोन. तेव्हा मी दहावीत होतो, तो फोटो कापून वहीत चिकटवला होता. मायकलसाठी नव्हे.

सासष्टीकार
त्याच दौऱ्यात मायकल मातोश्रीवर गेला होता. आणि 1983 मध्ये मायकलच्या घरी बसून त्याच्याबरोबर गाणी रेकॉर्ड केली फ्रेडी मर्क्युरीने, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या फारुख बलसाराने. बाळासाहेब ठाकरे ते फ्रेडी, मध्ये एकच. लंडनला वळसा घालून पुन्हा सातारा जिल्ह्यात.

काळी_कपिला
बाळासाहेबांना मी दुसरीकडे नेते. ते आणि आर. के. लक्ष्मण फ्री प्रेस जर्नलमध्ये एका वेळचे व्यंगचित्रकार. लक्ष्मणचे थोरले भाऊ आर. के. नारायण. त्यांचं पहिलं पुस्तक लंडनमध्ये छापून आणलं ग्रॅहम ग्रीनने. ठाकरे ते ग्रॅहम ग्रीन, मध्ये दोन सख्खे भाऊ.

कुरमुरे_खारे
ही वहीत उतरवून घेतली.

भावी_विजेता
माझी घ्या, एकदम छोटी. महात्मा गांधी ते राहुल गांधी. मध्ये फक्त फिरोज, राजीव. नात्याने!

पाढे_पंचावन्न
फिरोज गांधी पारशी कुटुंबातले. महात्माजींशी रक्ताचं नातं काही नाही.

दांडीयात्री
नाहीतर सदू शिंदे ते एकनाथ शिंदे मध्ये शून्य व्हायचं.

भावी_विजेता
सॉरी. सदस्यनाम बदलून घेतो.

पाढे_पंचावन्न
2025 च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले, त्या सकाळी वर्गात मुलांना हीच साखळी जोडायला दिली होती: नारळीकर ते आइन्स्टाइन. मुलांनी नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्याकडून वाट काढली. हॉइल केंब्रिजला डिरॅकचे विद्यार्थी. डिरॅकची बायको ही भौतिकीतल्या यूजीन विग्नरची बहीण. डिरॅक इतका अबोल की पाहुण्यांना बायकोची ओळख "विग्नरची बहीण" अशी करून द्यायचा. आणि विग्नर आइन्स्टाइनचा प्रिन्स्टनचा सहकारी. मध्ये तीन.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, वडिलांकडून का नाही जायचं?" विष्णू वासुदेव नारळीकर एडिंग्टनच्या हाताखाली शिकले, आणि 1930 मध्ये आइन्स्टाइन केंब्रिजला एडिंग्टनकडे उतरले होते, बागेतल्या बाकावरचा दोघांचा फोटोच आहे. मध्ये दोन. पोरगी शांतपणे खाली बसली.

कृष्णाकाठी
आता सांगली. स्मृती मानधना ते बॉय जॉर्ज, तो रंगीत टोपीवाला इंग्लिश गायक.

स्मृतीचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. अमोल सचिनचा शाळासोबती. सचिनसमोर ब्रेट ली. त्या ब्रेट लीने 2006 मध्ये आशा भोसल्यांबरोबर गाणं केलं, हो, गाणं. आणि आशाताई 1991 मध्ये बॉय जॉर्जबरोबर गायल्या होत्या. मध्ये चार. गंमत म्हणजे आशाताईंचा जन्मही सांगलीचाच. निघालो गावातून, वळसा घालून पोचलो गावाच्याच मुलीकडे.

नाक्यावरचा_अण्णा
कृष्णाकाठी, तू मुजुमदारवरून भरकन पुढे गेलास. मी नाही जाणार.

फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद 326, विनोद कांबळी नाबाद 349, भागीदारी 664. झेवियर्सकडून गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले, हेही विसरू नका. आणि पुढचा नंबर अमोल मुजुमदारचा. पॅड बांधून बसलेला. पहिला दिवस गेला, दुसऱ्या दिवशीही बसलेला. आऊट कुणी होईचना. सरांनी डाव घोषित केला आणि याने पॅड सोडली.

पुढे मुंबईकडून रणजीच्या पहिल्याच सामन्यात 260. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा. भारताची टोपी एकदाही नाही. पॅड सुटलीच नाहीत म्हणा ना. आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक कोण? मी त्या रात्री टीव्हीसमोर एकटा उभा होतो. बायको विचारत होती, "रडताय का?" मी म्हटलं, कांदा.

तुम्ही म्हणता मधली माणसं मोजा. मी याला मोजून पुढे जाणार नाही.

कृष्णाकाठी
अण्णा, माफ करा. बरोबर आहे तुमचं.

लोणच्याची_बरणी
कांदा इकडेही चिरला गेला.

कुरमुरे_खारे
रात्र झाली, शेवटचं कोडं बाबांकडून. बाबा नाशिकचे, म्हणून देवळालीचे कापरेकर गुरुजी, ते 6174 वाले. कापरेकर ते पुन्हा झोहरान ममदानी.

बाबांचं उत्तर: कापरेकरांना कॉलेजात असताना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. रँग्लरांची नात, त्यांच्याच घरात वाढलेली सई परांजपे. सईंच्या 'दिशा'त नाना पाटेकर. नाना ते मीरा नायर ते ममदानी. मध्ये चार.

सासष्टीकार
हरकत! पारितोषिकाला नाव असणं आणि रस्त्याला नाव असणं यात फरक काय? माझा आबे फारिया बाद केलात.

कुरमुरे_खारे
आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा पुसला. कडी बाद. साखळी रँग्लरांपासून धरायची, मध्ये तीन.

सासष्टीकार
देव बरें करूं.

पाढे_पंचावन्न
कापरेकर बाद झाले तरी त्यांचं गणित इथे लागू पडतंय. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. 3524 घेतली तर 3087, मग 8352, मग 6174. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतंच आणि तिथून पुढे हलत नाही.

सकाळी मकरंद अनासपुरेंपासून निघालो, आता रँग्लरांपासून. या धाग्याचे 6174 नाना पाटेकर.

पावटा_उसळ
उद्यापासून नानाबंदी.